गोधडी आणि बाळंतविड्याची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न : मी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आणि नात्यातल्या बाळांसाठी बाळंतविडे शिवते. शिवलेली वस्तू ज्याच्या त्याच्या घरी जाते आणि माझ्याजवळ काहीच उरत नाही. मोबाइलवर फोटो काढले, तर गोधडी सपाट चादरीसारखी दिसते आणि रंगही निराळेच येतात. फोटो कसे काढावेत आणि नोंदवहीत काय लिहावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गोधडीचे सौंदर्य धावदोऱ्याने कापडावर उठणाऱ्या बारीक लाटांत असते आणि समोरून पडणारा उजेड नेमक्या त्याच लाटा पुसून टाकतो. म्हणून मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा आणि जिथून थेट ऊन आत येत नाही अशा खिडकीजवळ गोधडी अशी पसरावी, की उजेड एका बाजूने कापडाला जवळजवळ घासत येईल व शिवणीच्या ओळींना आडवा पडेल. मग प्रत्येक ओळीच्या एका अंगाला सावली धरते आणि टाका न् टाका उठून दिसतो. रंग बिघडतात ते बहुधा खिडकीचा उजेड आणि घरातल्या दिव्याचा प्रकाश एकमेकांत मिसळल्यामुळे, तेव्हा फोटो काढताना दिवे मालवावेत. काळी चंद्रकळा मोबाइल आपणहून उजळ करून राखाडी दाखवतो आणि पांढरे झबले मळकट दाखवतो. अशा वेळी पडद्यावर कापडाच्या जागी बोट टेकवून उजेड कमी-जास्त करून घ्यावा.

अख्खी गोधडी टिपायची असेल, तर चिमट्यांनी दोरीवर टांगू नये, कारण तिच्या वजनाने मध्ये झोळ येतो. वरची कड आडव्या बांबूवरून चार बोटे मागे दुमडून, घसरू नये म्हणून कच्च्या टाक्यांनी अडकवावी, मोबाइल गोधडीच्या मध्याइतक्या उंचीवर सरळ धरावा आणि काही पावले मागे सरून थोडे झूम करावे. फार जवळून काढल्यास कडा वाकड्या दिसतात. उलट बाजूचा फोटो मात्र आवर्जून काढावा. ती दाखवायला पुष्कळ जणींना संकोच वाटतो, पण दोरा कुठे संपवला आणि ठिगळाची कड कशी आत दुमडली, हे शिकणाऱ्या मुलीला तिथेच कळते. कुंचीचेही तसेच आहे : टोपी आणि पाठीचा भाग जिथे जोडला जातो ती शिवण आतून, शेजारी इंची टेप ठेवून टिपावी.

नोंदवहीत लांबी-रुंदी, किती थर घातले, लुगडे कोणाचे होते, दोरा कोणता, एका इंचात किती टाके आणि शिवण कुठल्या कोपऱ्यापासून धरली, एवढे तरी लिहावेच; त्यातही लुगडे कोणाचे, हे आधी लिहावे, कारण ते फोटोवरून कधीच कळणार नाही. कापडाचा तुकडा पानावर दोन टाक्यांनी शिवावा. खळीने चिकटवल्यास कसर लागते आणि स्टेपलरची पिन कोकणच्या दमट हवेत गंजून कापडाला डाग पाडते. कुंचीचा कागदी बेतही त्याच वहीत घडी करून ठेवावा. गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात आपले नाव आणि साल साखळी टाक्याने घालावे, म्हणजे वही आणि गोधडी वेगवेगळ्या घरांत राहिल्या तरी ओळख पटते.

फोटो काढल्यावर मूळ प्रत संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी. व्हॉट्सॲपवरून कोणाला पाठवायचा झाल्यास तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, एरवी त्याचा आकार घटतो आणि बारीक टाके पुसट होतात.