अमेरिकेतल्या लहान लिबरल आर्ट्स कॉलेजची लायब्ररी पुरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात (म्हणजे मुख्यतः पदवीपुरतंच शिकवणाऱ्या कॉलेजात) प्रवेश मिळालाय आणि एका मोठ्या राज्य विद्यापीठातही. कॉलेजकडे तीन-साडेतीन लाख पुस्तकं, विद्यापीठाकडे त्याच्या कितीतरी पट. इतिहास शिकायचा आहे, पुढे संशोधनाचा विचार आहे. मग लहान जागी गेल्यावर पुस्तकांवाचून अडेल का?

मी अशाच एका कॉलेजात चार वर्षं काढली आणि त्यातली तीन वर्षं लायब्ररीच्या काउंटरवर अर्धवेळ काम केलं. म्हणजे उत्तर थोडं आतल्या माणसाचं आहे आणि थोडं पक्षपाती, हे धरूनच वाचा.

पुस्तकांच्या आकड्याकडे फार बघू नका. मी ते केलं होतं आणि उगाच दोन महिने झोप घालवली. पदवीच्या विद्यार्थ्याला एका निबंधासाठी वीसेक पुस्तकं आणि तेवढेच लेख लागतात. ती वीस पुस्तकं तुमच्या इमारतीत आहेत का, याला फारसं महत्त्व नाही. ती किती दिवसांत तुमच्या हातात पडतात, हे विचारा.

दुसऱ्या वर्षी मी एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रावर एक निबंध घेतला. आमच्याकडे मराठी पुस्तकं जवळपास नव्हतीच. भारतीय भाषांचा जो काय एक कप्पा होता, त्यात संस्कृत व्याकरणं आणि इंग्रजी अनुवाद. मी इंटरलायब्ररी लोनवर, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक उसनं मागवायच्या सोयीतून, एका जुन्या मराठी पुस्तकाची मागणी टाकली, येईल अशी आशा न ठेवता. आठ-नऊ दिवसांनी ते आलं. दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाचं, जाड कापडी बांधणीचं, पुठ्ठ्याला कागदी पट्टी गुंडाळलेलं आणि आतल्या पानावर ‘पी. एल. ४८०’ असा शिक्का. मी काउंटरवरच हसायला लागले. माझी आजी ज्या अमेरिकन गव्हाला जन्मभर नावं ठेवत आली, तो गहू भारतात आणणारा हाच कायदा! १९५४ च्या या कायद्याखाली भारताने धान्याचे पैसे रुपयांत दिले, ते रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच साठले आणि त्यातल्या काही पैशांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या (अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाच्या) दिल्ली कचेरीने १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे तिथल्या मोठ्या ग्रंथालयांत मराठीचा बराच साठा आहे आणि लहान कॉलेजच्या पोरीलाही तो टपालाने मिळतो. मला एक पैसा पडला नाही.

या देवघेवीमागे मोठं जाळं आहे. १९६७ मध्ये ओहायो राज्यातल्या कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी मिळून सामाईक यादीसाठी एक केंद्र काढलं. तेच पुढे ओसीएलसी नावाने जगभर पसरलं आणि त्याची वर्ल्डकॅट ही यादी आज कोणीही घरबसल्या चाळू शकतं. शिवाय शेजारची कॉलेजं आपसांत गट करतात. ब्रिन मॉर, हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर या तिघांची यादी एकच आहे. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला सात संस्था मिळून एकच लायब्ररी वापरतात. ओहायोत ओबरलिन किंवा केनियनसारख्या लहान कॉलेजांचे विद्यार्थी ओहायोलिंक या राज्यातल्या लायब्रऱ्यांच्या सामाईक जाळ्यातून थेट राज्य विद्यापीठाची पुस्तकं मागवतात. तुमचं कॉलेज अशा गटात असेल तर वेबसाइटवरचा तीन लाखांचा आकडा विसरून जा.

लेखांचं तर आणखी सोपं. स्कॅन करून पाठवतात, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत. याबाबत एक गंमतीची गोष्ट सांगते. जेस्टोर हा जुन्या शोधनियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह सगळ्यांना माहीत असतो, पण ते सुचलं कशातून हे फारसं कोणाला माहीत नसतं. विल्यम बोवेन हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, तेव्हा मेलन फाउंडेशन या देणग्या देणाऱ्या संस्थेचे प्रमुख आणि शिवाय डेनिसन या लहान कॉलेजचे विश्वस्त. डेनिसनच्या लायब्ररीत जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांना जागा पुरेना आणि इमारत वाढवायची तर खर्च मोठा. त्यातून हे जुने अंक संगणकावर आणण्याची कल्पना निघाली आणि १९९५ मध्ये जेस्टोर उभं राहिलं. सुरुवातीच्या चाचण्यांत डेनिसन, विल्यम्स, स्वार्थमोर अशी लहान कॉलेजं होती. पुस्तकं विषयवार लावायचं ड्यूईचं दशांश वर्गीकरणही असंच, अॅमहर्स्ट कॉलेजच्या लायब्ररीत मदतनीस असलेल्या पोराने बसवलेलं, १८७६ साली छापलेलं.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही ते. मोठ्या विद्यापीठातल्या माझ्या मैत्रिणीला तिच्या विषयाच्या लायब्रेरियनचं नावही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे इतिहास आणि समाजशास्त्र सांभाळणाऱ्या लायब्रेरियन बाई दर सत्रात एकदा वर्गात यायच्या आणि पाहिजे त्याला तासभर शेजारी बसवून घ्यायच्या. मी १८५७ वर शोधत होते. उठाव, बंड, म्युटिनी, सगळे शब्द घालून झाले, हाती जेमतेम दहा-बारा नोंदी. बाईंनी त्यातली एक नोंद उघडली, खाली विषयशीर्षकात ‘इंडिया, हिस्टरी, सिपॉय रिबेलियन, १८५७-१८५८’ असं होतं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “याच्यावर क्लिक कर.” पडदा भरून गेला. आपण त्याला काय म्हणतो याच्याशी यादी करणाऱ्याला देणंघेणं नसतं. त्याने एक नाव ठरवलेलं असतं आणि ते नाव कळलं की दार उघडतं. पहिल्या महायुद्धालाही तिथे ‘पहिलं’ म्हणत नाहीत, ‘वर्ल्ड वॉर, १९१४-१९१८’ म्हणतात. हे मला कोणत्याही व्हिडिओने शिकवलं नव्हतं.

कपाटापाशी गेल्यावरची एक अडचणही आधीच सांगून ठेवते, कारण काउंटरवर रोज दोघं-तिघं “पुस्तक जागेवर नाही” म्हणत यायचे आणि ते जागेवरच असायचं. अमेरिकन कॉलेजांत बहुधा लायब्ररी ऑफ काँग्रेसचं वर्गीकरण असतं. त्यातल्या पुस्तकाच्या क्रमांकात टिंबानंतरच्या अक्षरापुढचा आकडा दशांशात वाचायचा. म्हणजे ‘के ३८’ हे ‘के ४’ च्या आधी येतं, नंतर नाही, कारण ०.३८ हे ०.४ पेक्षा लहान. मी स्वतः पहिल्या आठवड्यात अख्खी गाडीभर पुस्तकं चुकीची लावली होती. आमच्या तळघरात सरकती कपाटं होती, चाक फिरवलं की दोन रांगांमधली वाट उघडायची. चाक फिरवण्याआधी आत कोणी बसलंय का ते बघा, कोणीतरी बसलेलं असतंच.

पाठ्यपुस्तकांचं सांगते. ती तिथे भयंकर महाग असतात. प्राध्यापक एक-दोन प्रती ‘रिझर्व्ह’मध्ये ठेवतात, आमच्याकडे त्या तीन तासांसाठी मिळायच्या, बाहेर न्यायच्या नाहीत. वर्गात तीस जण आणि प्रती दोन, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री काय होतं ते लिहायला नको. सकाळी आठला जा. मी दोन सत्रं एकही पुस्तक विकत न घेता काढली ती अशीच.

लायब्ररीच्याच इमारतीत रायटिंग सेंटर होतं. वरच्या वर्गातली मुलं तुमचा मसुदा घेऊन बसतात. ती इंग्रजी दुरुस्त करत नाहीत, “हे वाक्य इथे का आहे?” एवढंच विचारून भंडावून सोडतात. पहिल्यांदा राग आला होता. नंतर जातच राहिले. आकडेवारीसाठीही तशीच सोय असते, तिकडे मी फारशी फिरकले नाही. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिणाऱ्यांना खिडकीशेजारचं एकेक टेबल नावाने मिळायचं. पुस्तकं तिथेच रचून ठेवायची, कोणी हलवत नसे.

जुनी हस्तलिखितं आणि कागदपत्रं सांभाळणारा विभाग मोठ्या विद्यापीठात नक्कीच मोठा असतो. पण आमच्या पहिल्याच सत्रात बारा जणांच्या वर्गाला मिशनऱ्यांची खरी पत्रं हाताळायला दिली होती. पेन बाहेर, फक्त पेन्सिल आत. त्या पत्रांतली अक्षरं लागेनात म्हणून आम्ही एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि ओरडायला कोणी आलं नाही.

आता तोटे. बाहेरचं पुस्तक मागवावं लागतं, म्हणजे नाव आधी माहीत पाहिजे. मोठ्या लायब्ररीत एक शोधायला जाऊन शेजारची चार सापडतात, ते सुख इथे कमी. दुर्मीळ पुस्तकं प्रवास करत नाहीत. मुदतही काटेकोर असते: हिवाळ्याच्या सुट्टीत मी मागवलेलं एक पुस्तक खोलीवर विसरून गेले, तर परत आल्यावर खातं बंद आणि त्या विद्यापीठाकडून आणखी काही मागवायची सोय महिनाभर गेली. विज्ञानाच्या नियतकालिकांची वर्गणी लहान कॉलेजला झेपत नाही, त्यामुळे रसायनवाल्या मैत्रिणींना लेखांसाठी सतत मागण्या टाकाव्या लागत. आणि आमची लायब्ररी शुक्रवारी सहाला बंद व्हायची! तक्रार करून चार वर्षांत अर्धा तास वाढवून मिळाला.

तेव्हा भेट द्यायला जाल तेव्हा वाचनकक्ष बघून भारावू नका, ते सगळीकडेच छान असतात. काउंटरवरच्या विद्यार्थ्याला गाठा. इंटरलायब्ररी लोन पदवीच्या मुलांना फुकट आहे का, पुस्तक सरासरी किती दिवसांत येतं, इतिहासाच्या लायब्रेरियन कोण आणि त्या शेवटच्या कधी भेटल्या, हे त्याला विचारा. शेवटच्या प्रश्नाला तो पटकन नाव सांगू शकला तर माझ्या मते तुमचं काम झालं. ते कॉलेज कुठल्या गटात आहे ते वेबसाइटवरच कळेल. गटही नाही आणि इंटरलायब्ररी लोनवर मर्यादा, असं असेल तर मात्र मी विद्यापीठच निवडेन.

आणि हो, पदवी मिळाली की डेटाबेसचे लॉगिन थोड्याच दिवसांत बंद होतात. पुढच्या अर्जांसाठी लागणारे लेख शेवटच्या महिन्यातच उतरवून ठेवा. मी नव्हते ठेवले.