केक ‘भाजला’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘चहा-कॉफीबरोबर खायला मी घरी केक, मफिन, बिस्किटं करते आणि त्यांच्या कृती लिहिते. दर ओळीला “बेक करा” लिहायचा कंटाळा येतो. “केक भाजला” लिहिलं तर मुलगी हसते. बेक करण्याला मराठी क्रियापदच नाही का?’

आहे की, भाजणे. पण मुलीचं हसणंही उगाच नाही.

भाजणे आलं संस्कृत भ्रज्ज् या धातूपासून. कोरड्या धगीनं जे जे होतं ते मराठीनं या एका शब्दात बसवलं. दाणे भाजतात, मडकी भाजतात, विटा भाजतात, लक्ष नसलं तर बोटंही भाजतात. यातली विटांची भट्टी ओव्हनला सगळ्यात जवळची: चहूबाजूंनी धग, मधे कच्चा गोळा, बाहेर निघताना तो कडक. बिस्किटाचं याहून वेगळं काय होतं? तेव्हा ‘बिस्किटं खरपूस भाजली’ हे बिनदिक्कत लिहा.

केकची गोष्ट निराळी. ओव्हन १८० अंशांवर असला तरी केकच्या पोटात ओल असते, त्यामुळे तिथलं तापमान शंभराच्या वर जात नाही. म्हणजे वरचा तांबूस थर भाजतो आणि आतला मऊ भाग शिजतो. ‘केक भाजला’ म्हटलं की नुसता तो वरचा थर डोळ्यांसमोर येतो, म्हणून कानाला खटकतं. केक बिघडल्यावर मात्र आपण हा भेद बरोबर पाळतो: ‘वरून करपला आणि आत कच्चा राहिला.’

काही जण शेकणे सुचवतात. मला ते पटत नाही. भाकरी शेकतात हे खरं, पण शेकणे म्हटलं की आधी आठवते ती पाठ, नाहीतर शेकोटीवरचे हात. तेवढ्या उबेनं केक फुगत नाही. ‘भट्टीपक्व करा’ असं काही घडवून देता येईल, पण ते चहाबरोबर घशाखाली उतरायचं नाही.

खरं तर दोन्हींना सामावणारा धातू संस्कृतात होता: पच्. शिजवणं, भाजणं, दोन्ही त्यातच. मराठीत त्याची वाटणी झाली. पचणे पोटात गेलं, पिकणे झाडावर गेलं आणि चुलीपाशी ‘स्वयंपाक’, ‘पाक’, ‘पक्वान्न’ अशी नामं तेवढी उरली. गंमत अशी की हाच धातू बिस्किटाच्या पोटात आहे! लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्टुस’ म्हणजे शिजवलेलं किंवा भाजलेलं. मूळचं बिस्कीट भट्टीत दोनदा जाई, एकदा भाजायला आणि मग वाळायला, म्हणून ते लांबच्या प्रवासात टिके. आता एकदाच भाजतात, नाव राहिलं. तर हे ‘कोक्टुस’ आणि आपलं ‘पक्व’ एकाच मुळातून फुटलेले, ‘बिस’ आणि संस्कृत ‘द्विस्’ ही तशीच भावंडं. बिस्कीट म्हणजे अक्षरशः ‘द्विपक्व’. केक या घराण्यातला नाही. त्याचं मूळ उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतलं ‘काका’. आपल्या काकांशी त्यांचा संबंध नाही.

आता तुमच्या कृतींचं. इंग्रजीत साहित्य मोजण्यापासून केक ओव्हनमधून काढेपर्यंतच्या सगळ्याला ‘बेक’ चालतं. मराठीत त्याला ‘करणे’ पुरतं, आणि तुम्ही प्रश्नातच ‘केक, मफिन, बिस्किटं करते’ असं सहज लिहून गेला आहात. ओव्हनचा टप्पा सांगायचा तर: ‘मिश्रण भांड्यात ओतून तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. अर्ध्या तासानं मधोमध सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली की केक झाला.’ यात बेक कुठेच आलं नाही आणि अडलंही नाही. तापमान देताना ‘१८० अंशांवर बेक करा’ हे आटोपशीर वाटत असेल तर खुशाल लिहा. ओव्हन चालतो तर बेकनंच काय घोडं मारलंय? फक्त दर ओळीला नको.

आणि तुम्ही ‘बिस्किटं’ ऱ्हस्व लिहिलंत ते बरोबर, पण एकवचनात ‘की’ दीर्घ करा. तिकीट, तिकिटं, तसं बिस्कीट, बिस्किटं.