उत्पादनाच्या लाइनवर माल वेळेवर पोहोचत नसेल तर

लगेच नवी ट्रॉली किंवा आणखी एक फोर्कलिफ्ट मागू नका. आधी आठवडाभर, तिन्ही पाळ्यांत, प्रत्येक उशिराची नोंद घ्या: पार्ट नंबर, बिन (लाइनवरचा पार्ट ठेवायचा डबा) रिकामा झाल्याची वेळ, माल आल्याची वेळ, कारण. 'स्टोअरचा उशीर' हे कारण नव्हे. माल मागणारी चिठ्ठी, म्हणजे बिनवरचं कार्ड, पडून राहिली, रॅकवर पार्ट सापडला नाही, की गाडी दुसरीकडे अडकली, तेच लिहा. मग पॅरेटो काढा, म्हणजे जास्त उशिराचे पार्ट आधी अशी उतरती यादी. बहुधा मोजकेच पार्ट वर येतात, सुरुवात तिथून.

त्यांचे बिन किती हवेत ते हिशोबाने ठरवा. ताशी खप 120 नग, भरून यायला दीड तास, एका बिनमध्ये 40 नग, वर 20 टक्के जादा: 120 × 1.5 × 1.2 ÷ 40 = 5.4, म्हणजे 6 बिन. घोळ होतो तो त्या दीड तासात. लोक गाडी फिरण्याचा वेळ तेवढा धरतात, कार्ड उचललं जाईपर्यंतचा विसरतात. सरासरीवरही विसंबू नका. जेवणाची सुट्टी आणि पाळी बदलतानाचे आकडे वेगळे बघा, खरं दुखणं बरेचदा तिथेच असतं. कार्ड बिनमधला पहिला नग उचलतानाच काढायचं. बिन संपल्यावर काढत असाल, तर एक बिन जास्तीचा धरा.