व्यवस्थापन कोट्यातील अभियांत्रिकी की अनुदानित महाविद्यालयातील संख्याशास्त्र?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बार्शीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला गणिताची गोडी आहे, परंतु सीईटीतील गुणांवर पुण्यात संगणक शाखा मिळण्याची शक्यता दिसत नाही. त्यामुळे व्यवस्थापन कोट्यातून ती शाखा घ्यावी आणि त्यासाठी लागणारे सुमारे बारा लाख रुपये शेतीचा तुकडा विकून उभे करावेत, असे तिच्या वडिलांना वाटते. मुलीला मात्र अनुदानित महाविद्यालयात संख्याशास्त्र घेऊन बी. एस्सी. करायचे आहे. यांपैकी कोणत्या शिक्षणाला पुढे किंमत राहील, असा आपला प्रश्न आहे.

आधी पैशांचे बोलू. राज्य शासनाने 2024-25 पासून इतर मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. आपण इतर मागास प्रवर्गातील असून उत्पन्नही या मर्यादेत असल्याचे पत्रात लिहिले आहे. मात्र ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेऱ्यांतून, प्रवेश घेतला तरच मिळते. व्यवस्थापन कोटा, खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. याचा अर्थ असा की, एकाच वर्गात, त्याच प्राध्यापकांकडे शिकणाऱ्या शेजारच्या बाकावरील मुलीला शुल्कमाफी असेल आणि आपण जमीन विकलेली असेल. या कारणासाठी शेत विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभियांत्रिकीचा विचारच सोडावा, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅपचे पसंतीक्रम भरताना संगणक शाखेचा आणि पुण्याचा हट्ट सोडला, तर सोलापूर किंवा धाराशिव परिसरातील महाविद्यालयेही विचारात घेता येतील. ती निवडताना जाहिरातीतील ‘नॅक’ या उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या श्रेणीवर विसंबू नये, ती श्रेणी संपूर्ण संस्थेची असते, तर ‘एनबीए’ या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन प्रत्येक अभ्यासक्रमाला स्वतंत्रपणे दिले जाते, त्यामुळे आपल्याला हव्या त्या शाखेला ते आहे का, हेच विचारावे. कामकाजाच्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरील किती, याची चौकशी करावी. फलकावरील सर्वोच्च पॅकेज एखाद्याच विद्यार्थ्याचे असू शकते (त्याचे छायाचित्र प्रवेशद्वारावर लावण्याची आपल्याकडे पद्धतच आहे); त्याच शाखेतील किती मुलांना नोकरी लागली आणि मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, हे विचारावे. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजावे.

आता मुलीच्या इच्छेविषयी. अनुदानित तुकडीतील शिक्षकांचे वेतन शासन देत असल्याने तेथील शुल्क अभियांत्रिकीच्या तुलनेत फारच कमी असते, परंतु स्वस्त आहे म्हणून हे शिक्षण हलके ठरत नाही. संख्याशास्त्राच्या पदवीनंतर आयआयटीतील एम. एस्सी.साठी ‘जॅम’ परीक्षा देता येते, केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत घेतली जाणारी भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते आणि विमा क्षेत्रातील ॲक्च्युअरीच्या, म्हणजे जोखमीचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या, परीक्षांकडेही वळता येते. हे सर्व मार्ग कष्टाचे आहेत. केवळ तीन वर्षांच्या बी. एस्सी.वर चांगल्या नोकरीची अपेक्षा धरणे धाडसाचे ठरेल, म्हणून घराने निदान पाच वर्षांची तयारी ठेवावी आणि हे वडिलांना आजच मोकळेपणाने सांगावे. शिवाय त्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून शिकवले जाते का आणि त्याची तुकडी खरोखर अनुदानित आहे का, हे पाहणे आवश्यक आहे, कारण अनुदानित महाविद्यालयातही एखादा विषय विनाअनुदानित तत्त्वावर चालवलेला असतो. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीची प्रात्यक्षिकाची वही मागून पाहावी. तिच्यात कॅल्क्युलेटरवर सोडवलेल्या उदाहरणांबरोबर ‘आर’ किंवा ‘पायथॉन’ या संगणकीय भाषांत केलेले काम दिसले, तर विभाग जागरूक आहे असे समजण्यास हरकत नाही.

माझा कल मुलीच्या बाजूने आहे, तरीही कॅपचा अर्ज जरूर भरावा आणि त्यासाठी जात वैधता व नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रे आताच हाताशी ठेवावीत. फेऱ्यांमध्ये वर सांगितलेल्या कसोटीला उतरणारे महाविद्यालय मिळाले, तर निर्णय मुलीवर सोपवावा. न मिळाल्यास संख्याशास्त्राचा प्रवेश निश्चित करावा. दरम्यान ‘शेवटच्या दोनच जागा उरल्या आहेत’ असे सांगणारे दूरध्वनी येत राहतील, त्यांच्या भरवशावर कोणालाही इसार देऊ नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक