महालक्ष्म्यांच्या आधी घरी जाता येईल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ६३. आषाढात जिन्याच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू बसवलेत. पाच आठवडे होत आले. पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि पुढच्या आठवड्यात एक्स-रे आहे. सध्या मनीषनगरला मुलीकडे आहे. इथे लिफ्ट आहे, कमोड आहे, सगळं आहे. पण जीव महालच्या घरी आहे. हे तिथे एकटेच, डब्याचं जेवण जेवताहेत. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या असतात आणि लग्न झाल्यापासून एकही वर्ष मी चुकवलेलं नाही. घर जुनं आहे. झोपायची खोली माडीवर, जिना उभा, संडास-न्हाणी अंगणाच्या टोकाला. मुलगी म्हणते, दिवाळीपर्यंत इथेच राहा. संध्याकाळी पाय सुजतो आणि जांभळा पडतो, त्याचीही भीती वाटते. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मी काय करू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : काकू, महालक्ष्म्यांना तुम्ही आपल्या घरी असाल असं मला वाटतं. पण दोन गोष्टी आधी. एक्स-रे होईपर्यंत तारीख ठरवू नका, आणि घर तयार झाल्याशिवाय गाडीत बसू नका. माझ्या कामात मी पुन्हा पुन्हा हेच पाहते, की माणसं पायाची तयारी विचारतात, घराची कुणीच विचारत नाही. दुखणं थांबलं की निघायची घाई होते आणि पडायला होतं ते न्हाणीच्या उंबऱ्यावर.

आधी पायाचं सांगते. संध्याकाळी पाय खाली लोंबता राहिला की रक्त खाली साचतं, त्यामुळे सूज येते आणि रंग जांभळट दिसतो. आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवला आणि रंग परतला, सकाळपर्यंत सूज बरीच उतरली, तर घाबरायचं कारण नाही. घोट्याच्या ऑपरेशननंतर अशी सूज कित्येक महिने येत-जात राहते. एका उशीने भागत नाही. दोन लोड टाकून पोटरीपासून टाचेपर्यंत आधार द्या, टाच मात्र लोडाच्या पुढे मोकळी राहू द्या, म्हणजे तिच्यावर दाब येणार नाही. सूज सकाळीही तशीच असेल, पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पोटरीच्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. आणि अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट न बघता १०८ला फोन करा. जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप येणं, बोटं गार किंवा पांढरी पडणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं.

तुम्हाला शुगर आहे, म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. शेजारणीला सहाव्या आठवड्यात पाय टेकवायला सांगितलं असेल, तुम्हाला कदाचित आणखी थांबवतील. मधुमेहात हाड सावकाश जुळतं, सर्जन जपून चालतात, आणि ते बरोबरच आहे. एक्स-रेच्या दिवशी हे नक्की विचारा : वजन द्यायचं तर किती किलो? पायाला आधाराचा बूट दिला असेल तर तो रात्री काढायचा का? घोटा हलवायला परवानगी आहे का? ‘थोडं थोडं वजन द्या’ एवढ्यावर उठू नका. किलोत आकडा मिळाला की वॉकर धरून दुखरा पाय घरातल्या वजनकाट्यावर ठेवा, दुसरा पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर. काटा त्या आकड्यापर्यंत जाईल इतकंच दाबा. दोन-तीन दिवस असं केलं की पायाला ते वजन ओळखीचं होतं. घोटा हलवायची परवानगी असेल तर पलंगावर बसून अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई काढा, पूर्ण बाराखडी. रोज सकाळी आरशात तळवा बघा. मधुमेहात तळव्याला कमी कळत असेल तर बूट घासून झालेली जखमही दुखत नाही. याच कारणाने गरम पाण्याचा शेक घेऊ नका. तेल लावून रगडून घेण्याचा आग्रह कुणी केला तर ठाम नाही म्हणा. टाके पूर्ण भरल्यावर व्रणावर स्वतःच्या बोटाने खोबरेल तेल हलकं फिरवणं वेगळं, आणि पोटरी रगडणं वेगळं.

आता तुमचं घर. पत्र वाचताना माझ्या डोळ्यापुढे पहिलं आलं ते रात्री दोन वाजता लघवीला उठणं. माडीवरून उभा जिना उतरायचा, पावसातलं अंगण ओलांडायचं, मग उकिडवं बसायचं. यातली एकही गोष्ट तुम्हाला सध्या जमणार नाही, आणि जमवूही नका. उकिडवं बसताना घोटा पूर्ण दुमडतो, नव्याने जुळणाऱ्या हाडावर सगळा भार येतो. म्हणून या वर्षापुरतं माडीला विसरा. खालच्या बैठकीत पलंग आणवा. पलंगावर बसल्यावर चांगल्या पायाचा तळवा जमिनीला टेकेल आणि गुडघा काटकोनात राहील, एवढी उंची हवी. जमिनीवर गादी नको. पलंगाशेजारी कमोड-खुर्ची ठेवा. मेडिकल चौकाकडे, धंतोलीत सर्जिकल सामानाच्या दुकानांत ती मिळते, भाड्यानेही मिळू शकते. तिचे पाय घट्ट आहेत ना, रबरं झिजलेली नाहीत ना, हे बघूनच घ्या.

या खुर्चीला घरोघरी सगळ्यात जास्त विरोध होतो, म्हणून जरा थांबते. बैठकीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, नवऱ्याने भांडं उचलायचं, ही कल्पनाच आपल्या बायकांना सहन होत नाही. मग त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. काकू, हे करू नका. पाणी कमी झालं की लघवीचा त्रास होतो आणि पोटरीत गुठळीचा धोका वाढतो. एक साधी पडद्याची दोरी बांधा, आत कडी-कुलूप नको. काकांना भांडं कसं धुवायचं ते मुलीने एकदा शांतपणे दाखवावं. इतकी वर्षं तुम्ही त्यांचं केलंत, काही आठवडे ते तुमचं करतील. करायची त्यांची इच्छाही असते, विचारणारं कुणी नसतं एवढंच.

अंघोळीला काही दिवस न्हाणीत जाऊच नका, खुर्चीवर बसून अंग पुसून घेतलं तरी चालेल. न्हाणीत जायची वेळ येईल तेव्हा रबरी पायांचं प्लास्टिकचं स्टूल, बादली दुसऱ्या स्टुलावर, आणि भिंतीत स्क्रूने बसवलेला दांडा हवा. टॉवेल टांगायची दांडी धरून उठू नका, ती माणसाचं वजन पेलत नाही. अंगणातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून काढायला आत्ताच माणूस लावा. कूलर अजून खिडकीत असेल तर त्याच्या पाण्याचा ओघळ फरशीवर येतो का, तेही बघायला सांगा. पायपुसणी, सतरंजी, लोंबत्या वायरी सगळं उचला. आणि बैठकीत बंगई असेल तर तिच्यावर बसू नका. आपल्याला सवय असते, बसलं की पायाने झोका द्यायची, आणि पाय नकळत टेकतो.

वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, चहाचा कपसुद्धा नेता येत नाही. वॉकरच्या पुढच्या दांडीला कापडी पिशवी बांधा, त्यात झाकणाची बाटली, मोबाइल, गोळ्या. पिशवी जड केली तर वॉकर पुढे कलतो. मोबाइल रात्रीही हाताशी हवा. शेजारच्या घरी एक किल्ली देऊन ठेवा. वॉकर घेऊन जिना चढायचा नसतो, हे काकांनाही सांगून ठेवा. पुढे वजन द्यायची परवानगी मिळाली की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा नेहमी धरलेला. चालताना एका पायात जाड बूट आणि दुसरा अनवाणी असं नको, कंबर धरते. चांगल्या पायात तेवढ्याच उंचीचा, मागे पट्टा असलेला सॅंडल घाला, घरातही.

हे सगळं महालला करून बघण्याआधी मुलीकडेच रंगीत तालीम करा. एक पूर्ण दिवस आणि रात्र, मुलीने फक्त बघायचं, हात लावायचा नाही. उठणं, कमोडवर जाणं, तोंड धुणं, चहा करून प्यायला खुर्चीत येणं. जिथे अडेल ते तिने कागदावर लिहायचं आणि त्याची सोय महालला करायची. मुलीची भीती खरी आहे, तिने तुम्हाला त्या जिन्याखाली पडलेलं पाहिलंय किंवा ऐकलंय. वादाने ती जाणार नाही, असा एक दिवस पार पडलेला पाहून कमी होईल.

निघायच्या दिवशी गाडीच्या मागच्या सीटवर आडवं बसा, पाय सीटवर लांब. आधी पाठ करून टेकायचं, मग पाय आत. महालच्या गल्लीत गाडी दारापर्यंत येते का ते आधीच बघून ठेवा. येत नसेल तर तेवढ्या अंतराला व्हीलचेअर लागेल. पाऊस पडत असेल तर दुसऱ्या दिवशी निघा.

आणि महालक्ष्म्या. आवाहन, पूजन, विसर्जन, तिन्ही दिवस तुम्ही खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर. सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा, यातलं काहीही ओट्याशी उभं राहून करायचं नाही. भाज्या निवडणं, फुलोऱ्याच्या करंज्या भरणं टेबलाशी बसून होईल, तेही पाऊण तासाला पाय वर घेऊन. सवाष्णींना हळदीकुंकू खुर्चीतूनच लावा. पाटावर मांडी घालून बसायचा आग्रह कुणी धरला तर माझं नाव सांगा. सूनबाई, जावा, शेजारच्या मुली यांना आंबील कशी घोटायची ते यंदा तुमच्या तोंडून ऐकू दे. तुमच्याशिवाय त्यांना ते नीट कळणार नाही, म्हणूनही तुम्ही तिथे असायला हव्यात. एक्स-रेनंतर डॉक्टरांनी अजून थांबा म्हटलं, तरी पाय न टेकवता हे सगळं करता येतं. मात्र जखम बिघडली असेल किंवा तालमीच्या दिवशी कमोडपर्यंत एकटीने जाता आलं नाही, तर या वर्षी मुलीकडूनच एका दिवसासाठी जाऊन या.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे, मधुमेही. काटा रुतून पाय चिघळला आणि नागपूरला डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. जखम अजून भरायची आहे. उद्या-परवा सुट्टी मिळेल. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत, गळ सुरू आहे. घरी पोचल्या पोचल्या ते बागेत जाणार, हे मला माहीत आहे. कसं थांबवू?
– एक मुलगा

उत्तर : दादा, तुमच्या वडिलांना काटा रुतलेला कळला नाही, हे मूळ आहे. पायाची संवेदना गेली आहे, ती उजव्या पायाचीही गेली असणार, म्हणून आता दोन्ही पाय जपायचे आहेत. बागेत जाऊ नका एवढंच म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, शेतकऱ्याचा जीव फळगळीत अडकलेला असतो. त्यांना धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंतसुद्धा गाडीवर नेऊ नका, चिखल आहे. फवारणीवाल्याला, मजुरांना घरी बोलवा. गळलेली फळं टोपलीत आणून त्यांच्यासमोर ठेवा, फांदीचे फोटो दाखवा, निर्णय त्यांना घेऊ द्या. बाग त्यांच्या हातात राहिली तर पाय घरात राहील.

सुट्टी घेताना डॉक्टरांकडून जखमेवरचा भार काढणारी चप्पल लिहून घ्या आणि ती घातल्याशिवाय घरातही एक पाऊल नको, रात्री संडासला जातानाही नको. जखम भरल्यावर कायमची एमसीआर चप्पल, म्हणजे मधुमेहींसाठीची मऊ रबरी तळाची चप्पल लागेल. घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवून खडा आहे का बघायचा. ड्रेसिंग कोण करणार, हे सुट्टीच्या आधी ठरवा. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सशी बोलून घ्या. जखमेवर हळद, राख, पाल्याचा लेप काही नाही. पाय पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. वडील खर्रा खात असतील तर तो आजपासून बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, पायाला रक्त कमी पोचतं आणि जखम भरत नाही. हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोर स्पष्ट सांगावं, असा आग्रह धरा, मुलाचं ऐकत नाहीत.

प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून मोबाइलवर फोटो काढा. कडा काळ्या पडल्या, वास आला, लाली घोट्याकडे सरकली किंवा शुगर अचानक वाढली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी नागपूरला आणा.