शब्दकोडी रचून घर चालतं का?

तुम्ही विचारलंय की मराठीत एमए झालंय, वहीभर शब्दकोडी रचून ठेवली आहेत, तर हेच काम पूर्णवेळ करता येईल का.

आधी पैशांचं सांगतो. गेली चौदा वर्षं मी एका पुरवणीला आठवड्याला एक कोडं देतोय. त्या मानधनावर घर चालत नाही, ते मुद्रितशोधनावर चालतं. आणि ही रड फक्त मराठीची नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे दर जाहीर आहेत : नव्या माणसाला रोजच्या 15 बाय 15 घरांच्या कोड्याचे 500 डॉलर, रविवारच्या 21 बाय 21 चे 1500. एवढं असूनही तिथे रचणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा असतो. विल शॉर्ट्झ 1993 पासून तिथे कोड्यांचे संपादक आहेत. पगार त्या खुर्चीला आहे, रचणाऱ्याला नगावर पैसे. इंग्लंडचे रॉजर स्क्वायर्स मात्र यावर जगले. नौदल सोडल्यावर काही काळ त्यांनी जादूचे प्रयोग केले, मग कोडी. एकाच वेळी अनेक वर्तमानपत्रांना माल पुरवत त्यांनी वीस लाखांवर शोधसूत्रं, म्हणजे शब्द ओळखायला दिलेले इशारे, लिहिली. पूर्णवेळाचा रस्ता हा असा आहे, एका कोड्याच्या भावाचा नाही, संख्येचा.

म्हणून नोकरी धरा आणि कोडीही सोडू नका. दुसरं मी जास्त आग्रहाने सांगतोय, कारण मराठी कोडं नीट रचणारी माणसं फार थोडी आहेत आणि हे काम इंग्रजीवरून उचलता येत नाही. इंग्रजीत एका घरात एक सुटं अक्षर बसतं. आपल्याकडे काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळ्यासकट एक घर. 'तारांबळ' हा शब्द घ्या. ता-रां-ब-ळ, चार घरं. सगळ्यात वरच्या ओळीत टाकलात की 'ता'खाली 'ताटली' येईल, 'ब'खाली 'बटाटा'. 'ळ'खाली काय आणाल? 'ळ'ने मराठीत शब्द सुरूच होत नाही. मग 'तारांबळ' तिसऱ्या ओळीत उतरवायचा आणि 'ळ'वर वरून 'सकाळ' आणून सोडायची. आता 'रां' अडतो, कारण 'रां'वर संपणारा शब्द कुठून आणणार? त्याच्या डोक्यावर काळं घर ठेवायचं आणि खाली 'रांजण' लावायचा. एवढ्या एका कोपऱ्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे. इंग्रजीसाठी केलेली सॉफ्टवेअरं इथे फारशी कामाला येत नाहीत. संगणकाला 'रां' म्हणजे र, काना आणि अनुस्वार असे तीन वेगळे तुकडे. वही आणि खोडरबरच बरं.

ऱ्हस्व-दीर्घाची सवलत स्वतःला कधीही घेऊ नका. सुरुवातीच्या काळात मी 'कवी'च्या 'वी'मधून 'विहीर' खाली सोडली होती. 1962 च्या नियमांनी शेवटचं अक्षर दीर्घ झालं, जुन्या वळणाने लिहिणारे अजूनही 'कवि' लिहितात, तेव्हा चालून जाईल असं मनाशी धरलं. एका निवृत्त शिक्षिकेचं पोस्टकार्ड आलं : 'त्या घरात मी नक्की काय लिहायचं?' ते कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

शोधसूत्रं मात्र शब्दकोशातून उतरवू नका. 'रांजण'ला 'मातीचे मोठे भांडे' दिलंत तर सोडवणारा घर भरतो आणि पुढे जातो. 'वाल्या कोळ्याच्या पापांचा हिशेब यात होता' असं दिलंत तर तो क्षणभर थांबतो, खडे आठवतात, मग हात चालतो. तो क्षणभराचा थांबा मिळावा म्हणूनच मी हे करतो.

कुठल्याही संपादकाला पाठवताना एकच कोडं पाठवू नका, सहा-आठ तयार ठेवा. सातत्य राहील का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आणि पाठवण्याआधी प्रत्येक कोडं घरातल्या कुणाकडून तरी सोडवून घ्या. शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. माझं कोडं दर बुधवारी आई सोडवते. ज्या घरापाशी ती खोडरबर मागते, तिथलं सूत्र मी त्याच रात्री बदलतो.