शिक्षकांना ऑनलाइन संदर्भ शोधणे सोपे व्हावे यासाठी ब्राउझरमध्ये कोणती एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी साधने) घ्यावीत?

पाठाची तयारी करताना संदर्भ शोधण्यात फार वेळ जातो, तो कसा वाचवावा, असे आपण विचारले आहे. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. माझ्या मते शोधण्यात गेलेला वेळ शिक्षकाला परवडतो; सापडलेला संदर्भ हरवला, तर ते मात्र परवडत नाही.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातील इतिहास शिक्षकांच्या बैठकीत मी महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला (ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगाला) सादर केलेल्या निवेदनाविषयी बोलत होतो. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी मी सांगताच एका ज्येष्ठ सरांनी मला थांबवले आणि विचारले, "बारा हा आकडा कुठून आणलात? दाखवा." लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेलाच होता. मी जपून ठेवलेल्या दुव्यावर क्लिक केले आणि पडद्यावर फक्त पान सापडत नसल्याची सूचना उमटली. "गूगलवरच्या माहितीचे असेच असते, त्याला अभ्यास म्हणत नाहीत," असे म्हणून सरांनी विषय संपवला. आकडा खरा होता, पण तो मला दाखवता आला नाही, आणि ते मला आजही सलते.

त्या रात्री मी त्या पानाचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या पानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, टाकला. पानाची जुनी प्रत तिथे होती आणि ते वाक्य जसेच्या तसे होते. तेव्हापासून वेबॅक मशीनचे एक्स्टेन्शन माझ्या ब्राउझरमध्ये कायम आहे. समोरचे पान महत्त्वाचे वाटले की त्यातूनच ते जतन करायला सांगता येते, आणि मिळणाऱ्या पत्त्यात जतन केल्याची तारीख व वेळ असते. तोच पत्ता मी टिपणात लिहितो.

दुसरे म्हणजे झोटेरो. संदर्भांच्या नोंदी जमवून ठेवणारे, २००६ पासून उपलब्ध असलेले हे साधन मोफत आहे. मूळ प्रोग्रॅम संगणकावर आणि त्याचे कनेक्टर नावाचे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये घालावे लागते. आपण पुस्तकाची नोंद पाहत असाल तर त्याच्या बटणावर पुस्तकाचे चिन्ह येते, शोधनिकालांची यादी समोर असेल तर फोल्डरचे. दाबले की शीर्षक, लेखक, तारीख आणि बहुधा पानाची प्रतही आपल्या संगणकावर येते. मी इयत्तेनुसार आणि पाठानुसार संग्रह केले आहेत. शोधनिबंध वाचायला पैसे मागितले जात असतील तर अनपेवॉल हे एक्स्टेन्शन पाहावे. त्याची कायदेशीर मोफत प्रत सापडल्यास पानाच्या कडेला हिरवे कुलूप दिसते. लेखांचा आपोआप सारांश काढून देणारी एक्स्टेन्शन मात्र शिक्षकाने वापरू नयेत, कारण जे आपण वाचलेच नाही त्याचा पुरावा आपण कसा देणार?

सरांनी पुरावा मागितला, हे योग्यच होते. तो मागायलाच हवा. पडद्यावर वाचलेले म्हणून अभ्यास नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. पान तारखेसह जतन केले, मूळ इंग्रजी निवेदनाशी ताडून पाहिले आणि संदर्भ वर्गात मुलांपुढे उघडून दाखवला, तर तो अभ्यासच आहे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये ही एक्स्टेन्शन चालत नाहीत. फोनवर फायरफॉक्समध्ये काही चालतात. झोटेरोची ऑनलाइन मोफत जागा ३०० एमबी आहे आणि पीडीएफ साठवू लागल्यावर ती लवकर भरते. पुष्कळ एक्स्टेन्शन सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची परवानगी मागतात, म्हणून ज्या ब्राउझरमधून निकाल भरता किंवा बँकेचे व्यवहार करता, त्यात अनोळखी एक्स्टेन्शन घालू नका. मराठी संकेतस्थळांवरून नोंद घेताना लेखकाच्या जागी कधी संकेतस्थळाचेच नाव येते, तर कधी तारीख रिकामी राहते. ती त्याच वेळी हाताने भरा, महिन्याभराने ते पान पुन्हा उघडेलच असे नाही.